दोन पॅलेट, एक व्हॅन आणि मधली ६० सेंटीमीटर रिकामी जागा

प्रकरण साधेच आहे. एकूण ३,३०० किलो मर्यादेच्या बंद कार्गो व्हॅनमध्ये दोन लाकडी युरो पॅलेट (१२०० × ८०० मिमी) न्यायचे होते. पॅलेट ‘अ’वर टाइल चिकटवायच्या मसाल्याच्या २५ किलोच्या २८ गोण्या होत्या. पॅलेट धरून वजन ७२२ किलो, उंची साधारण ९० सेंमी. पॅलेट ‘ब’वर पत्र्याच्या कव्हरमधला स्क्रू कॉम्प्रेसर होता. पॅलेटसह वजन ४३० किलो आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ८५ सेंमी. वजन पाहिले तर घाबरण्यासारखे काही नव्हते. ड्रायव्हरसह रिकामी गाडी १,९८० किलो, सोबतचा माणूस ७५ किलो, माल १,१५२ किलो, बेरीज ३,२०७. मर्यादेच्या ९३ किलो आत.

पहिल्या खेपेला दोन्ही पॅलेट फोर्कलिफ्टने मागच्या दाराने चढवले. आधी कॉम्प्रेसर दाराशी ठेवला, मग गोण्यांचा पॅलेट फोर्कवर घेऊन त्याच्याच कडेने कॉम्प्रेसर आत रेटला. मागचा पॅलेट दाराच्या आत येईपर्यंतच रेटारेटी चालली आणि दार लागले तसे काम झाले असे समजले गेले. कॉम्प्रेसर आणि ड्रायव्हरमागचे पार्टिशन यांच्यात ६० सेंमी जागा मोकळीच राहिली. दोन्ही पॅलेटवरून प्रत्येकी एक ३५ मिमीचा रॅचेट (दातेरी चाकाने आवळायचा) बेल्ट टाकला होता. वाटेत जोराचा ब्रेक लागला तेव्हा कॉम्प्रेसर पॅलेटसकट पुढे घसरला, त्याचा पाया पार्टिशनच्या तळाला आपटला आणि धड पुढे कलंडून वरच्या भागावर आदळले. मागून गोण्यांचा पॅलेट सरकत आला. पार्टिशनला आत पोक आला, कॉम्प्रेसरच्या कव्हरचा कोपरा चेपला, हवेची एक नळी वाकली आणि गोण्यांचे वरचे दोन थर फुटले. माणसांना काही झाले नाही.

अशा वेळी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘बेल्ट कमी पडले, पुढच्या वेळी चार टाका.’ बेल्ट कमी होते हे खरेच. पण या प्रकरणाची मेख त्या ६० सेंटीमीटरमध्ये आहे, आणि ती जागा का राहिली यात.

आदळण्याचा हिशोब

व्हॅनच्या तळाला गुळगुळीत फिल्मचे प्लायवूड होते आणि त्यावर आधीच्या खेपांची सिमेंटची बारीक धूळ होती. कोरड्या, स्वच्छ, साध्या प्लायवूडवर रंधा न मारलेल्या लाकडाचा घर्षणांक ०.४५ धरतात. अशा धुळकट गुळगुळीत तळावर ०.३ धरणेच शहाणपणाचे.

ब्रेकचा जोर ०.७ जी धरू (एक जी म्हणजे वस्तूच्या स्वतःच्या वजनाइतका रेटा). घर्षण त्यातले ०.३ पेलते आणि उरलेल्या ०.४ जीने माल गाडीच्या तुलनेत पुढे धावतो. ६० सेंमी धावून पार्टिशनपाशी पोहोचताना त्याचा वेग सेकंदाला २.२ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ८ किलोमीटरच्या जवळ जातो. ऐकायला किरकोळ वाटते. पण ४३० किलो वस्तूची या वेगाची ऊर्जा सुमारे १,००० ज्यूल होते आणि ती ५ सेंमी पत्रा चेपण्यात संपली तर सरासरी बल २० किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांचा रेटा. तोच पॅलेट आधीपासून पार्टिशनला टेकलेला असता, तर त्याच ब्रेकला रेटा सुमारे १७० किलो बलाचा आला असता. बारापट फरक. माल तोच, ब्रेक तोच, बेल्टही तोच.

बेल्टने का धरले नाही, तेही पाहू. वरून टाकलेला बेल्ट माल ‘बांधत’ नाही, तो माल खाली दाबून घर्षण वाढवतो. रस्त्यावरच्या मालासाठी ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकात पुढच्या दिशेला ०.८ जी धरतात. घर्षण ०.३ असेल तर ४३० किलोच्या पॅलेटला वरून टाकलेल्या एकाच बेल्टने रोखायला, मानकातला १.२५ चा सुरक्षा गुणक धरून, ४४० डेकान्यूटन ताण हवा (एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलो बल). ३५ मिमीच्या साध्या रॅचेटने हाताने एवढा ताण येत नाही. त्यावर कडी म्हणजे बेल्ट कॉम्प्रेसरच्या पातळ पत्र्याच्या कव्हरवरून गेला होता. कव्हर जरासे दबले की ताण कमी होतो. सुरुवातीला घट्ट वाटलेला बेल्ट थोड्याच अंतरात सैल झाला असणार. गोण्यांवरच्या बेल्टचेही तेच: गोण्यांमधली हवा निघते, भुकटी बसते आणि थराची उंची कमी होते.

इथे लेबल वाचायची सवय कामाला येते. बेल्टवरचा ‘एलसी’ आकडा तो ओढीला किती सहन करतो ते सांगतो. ‘एसटीएफ’ आकडा हँडलवर ५० डेकान्यूटन जोर दिल्यावर रॅचेट किती ताण निर्माण करते ते सांगतो. वरून दाबण्याच्या पद्धतीत फक्त एसटीएफचा उपयोग. दुकानात मात्र सगळे एलसीचा मोठा आकडा पाहून बेल्ट उचलतात. हँडलला पाइप लावून ताण वाढवणे हा उपाय नव्हे, त्याने रॅचेटचे दात किंवा बेल्ट अडकवायची तळातली कडी जाते. या आकाराच्या व्हॅनमधल्या कड्या बहुधा ४०० ते ८०० डेकान्यूटनच्या असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्टिकरवर सापडतो.

दुसरी चूक, जी कुणाच्या लक्षात आली नाही

एकूण वजन मर्यादेत होते, मागचा ॲक्सल नव्हता. या व्हॅनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) ३.४५ मीटर, पार्टिशन पुढच्या ॲक्सलच्या १.४५ मीटर मागे, तळाची लांबी ३.१ मीटर आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा १,९०० किलो. ड्रायव्हरसह रिकाम्या गाडीचे ७६० किलो मागे येतात.

हिशोब सोपा आहे. पॅलेटचे वजन गुणिले पुढच्या ॲक्सलपासून त्याच्या मध्यापर्यंतचे अंतर, भागिले व्हीलबेस. पहिल्या खेपेत कॉम्प्रेसरचा मध्य २.६५ मीटरवर होता: ३३० किलो मागे. गोण्यांचा मध्य ३.९० मीटरवर, मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे: ८१६ किलो मागे, म्हणजे पॅलेटच्या वजनापेक्षा जास्त. सोबतच्या माणसाचे २० धरून मागे १,९२६ किलो. मर्यादेपेक्षा २६ जास्त. आणि १,१५२ किलो मालापैकी पुढच्या ॲक्सलवर आले जेमतेम ६ किलो. पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर स्टिअरिंग हलके पडते, ओल्या चढावर चाके फिरतात आणि ब्रेकचे संतुलन बिघडते. मागचे टायर भरलेले दिसतात, मागची स्प्रिंग दबलेली दिसते आणि माणूस म्हणतो, ‘गाडी भरलीये म्हणून’.

जागा का राहिली

कारण फोर्कलिफ्टचे फोर्क साधारण १,१५० मिमी लांब असतात आणि गाडीच्या मागच्या बंपरपाशी मास्ट (फोर्क वर-खाली करणारी उभी चौकट) अडतो. म्हणजे पॅलेट दारापासून फार आत ठेवताच येत नाही. मग उरतात तीन वाटा: दुसऱ्या पॅलेटने रेटणे, हँड पॅलेट ट्रकने (पॅलेट थोडा उचलून हाताने ढकलायच्या छोट्या चाकगाडीने) आत नेणे, किंवा दुसरे दार वापरणे.

रेटणे सर्रास चालते आणि ते सर्वात वाईट. रेटणाऱ्या पॅलेटच्या फळ्यांचे खिळे सुटतात, पुढचा पॅलेट तिरपा होतो, आणि चालकाला पुढे किती जागा उरली ते दिसत नाही. या प्रकरणात तो वेळेत थांबला म्हणून जागा राहिली. थांबला नसता तर पार्टिशन गोदामातच वाकले असते.

हँड पॅलेट ट्रकची अडचण वेगळी. पॅलेट दाराच्या कडेलाच बसलेला असेल तर ट्रकला त्याच्या मागे उभे राहायला जागा नसते. रॅम्पवरून चढवायचे म्हणाल तर ५ अंशांच्या उतारावर ७२२ किलोचा पॅलेट आणि ७० किलोचा ट्रक मिळून सुमारे ७० किलो बलाने मागे खेचतात. वर चाकांचा रोध वेगळा. हँड पॅलेट ट्रकला बहुधा ब्रेक नसतो. दोघांनी मिळून ढकलायचे म्हटले तरी एकाचा पाय घसरला की सगळे त्याच्याच अंगावर. रॅम्पचा मार्ग इथे सरळ बाद.

दुसरी खेप: गोण्या बाजूच्या दाराने

या व्हॅनला बाजूचे सरकते दार होते, पार्टिशनला लागूनच, १.२७ मीटर रुंद. युरो पॅलेटची १.२ मीटरची बाजू त्यातून जाते, दोन्हीकडे मिळून ७ सेंमी मोकळे. फोर्कलिफ्टने पॅलेट लांब बाजूने उचलला की तो व्हॅनमध्ये आपोआप लांबीच्या दिशेला बसतो, आणि तोही पार्टिशनपाशी. जड पॅलेटला हवी तीच जागा. गोणी पॅलेटबाहेर फुगलेली नसावी एवढीच अट, नाहीतर दाराच्या कडेला फाटते. त्यासाठी गोण्या आधी पाच-सहा फेऱ्यांची स्ट्रेच फिल्म लावून आवळल्या. शेवटच्या फेऱ्या पॅलेटच्या ठोकळ्यांवरूनही घेतल्या. फिल्म फक्त गोण्यांवर असेल तर गोण्यांचा गठ्ठा एकसंध राहतो खरा, पण पॅलेटवरून अखंडच घसरतो.

फोर्क पॅलेटच्या आरपार पूर्ण घालायचे नाहीत. टोके पॅलेटच्या पलीकडच्या कडेला जुळवून थांबायचे. पॅलेटची खोली ८०० मिमी आणि फोर्क १,१५०, म्हणजे पॅलेट दाराच्या उंबऱ्यापासून ३५ सेंमी आत ठेवता येतो. भाराचा मध्य फोर्कच्या टाचेपासून (मास्टकडच्या टोकापासून) ७५ सेंमीवर जातो. फोर्कलिफ्टची क्षमता बहुधा ५० सेंमीवर दिलेली असते, त्यामुळे प्लेटवरच्या तक्त्यात ७५ सेंमीचा आकडा पाहूनच उचलायचे. १.५ टनी मशीनला ७२२ किलो झेपले.

१.८७ मीटर रुंद तळात पॅलेट मध्यापासून सुमारे १८ सेंमी दाराच्या बाजूला राहिला. त्यामुळे एका बाजूच्या चाकांवर अंदाजे ७५ किलो जास्त येतात. चालण्यासारखे आहे. तोल साधायला कॉम्प्रेसर उलट्या बाजूला सरकवायचा मोह होतो, पण मग दोन्ही पॅलेटच्या कडा एकमेकांना नीट टेकत नाहीत. टेकणे जास्त महत्त्वाचे.

पार्टिशनचा तळ सरळ नसतो, पन्हळी आणि वळणे असतात. म्हणून पॅलेट आत घेण्यापूर्वी तळाशी आडवे ५ सेंमी जाडीचे लाकूड आणि त्याच्यावर उभे १८ मिमी प्लायवूड लावले. पुढचा रेटा एका ठिपक्यावर न येता सगळ्या रुंदीवर पसरतो. उरलेल्या बोटभर फटीत बाजूने पाचरी ठोकल्या. फट एक सेंटीमीटरची असली तरी पाचर मारायची.

पकड वाढवणे

तळ झाडून ओल्या फडक्याने पुसला आणि वाळू दिला. हे काम सगळे टाळतात आणि फायदा सर्वात जास्त इथेच असतो. मग पॅलेटच्या खालच्या फळ्यांखाली ८ मिमी जाडीच्या रबरी अँटी-स्लिप मॅटच्या पट्ट्या. घर्षणांक ०.३ वरून ०.६ वर जातो. मघाच्या कॉम्प्रेसरला वरून ४४० डेकान्यूटन ताण लागत होता, मॅटवर ८८ पुरतो. पार्टिशनवरचा रेटाही बघा: ०.८ जीला दोन्ही पॅलेट मिळून धुळकट तळावर ५६५ डेकान्यूटन, मॅटवर २२६.

पट्ट्या कुठे टाकायच्या याला नियम आहे. युरो पॅलेटच्या खाली लांबीच्या दिशेने तीन फळ्या असतात: कडेच्या १०० मिमी, मधली १४५ मिमी, मधल्या दोन्ही रिकाम्या जागा २२७ मिमीच्या. हँड पॅलेट ट्रकचे रोलर त्या रिकाम्या जागांतून धावतात. पट्टी फळीपेक्षा दोन्हीकडे बोटभर रुंद असावी, त्याहून जास्त नको, नाहीतर रोलर तिला गुंडाळतो. आणि पॅलेटचा एकही ठोकळा उघड्या तळावर टेकता कामा नये. एक कोपरा लाकडावर राहिला तर तिथली पकड जुन्याच आकड्याची. फोर्कवर पॅलेट चार-पाच सेंमी वर असताना पट्टी सरकवायची असेल तर काठीने. हात आत घालायचा नाही.

कॉम्प्रेसर मागच्या दाराने

कॉम्प्रेसर पॅलेटवर नुसता ठेवलेला होता. आधी चार एम१२ बोल्ट वरच्या आणि आडव्या फळ्यांतून आरपार घातले, खाली रुंद वॉशर. वरची फळी फक्त २२ मिमीची, तिच्यात स्क्रू पिळून भागत नाही, ओढ बसली की उपटतो.

दाराने आत पोचवायला फोर्कलिफ्टला १.८ मीटरच्या स्लीव्ह (फोर्क लांब करणारी पोकळ म्याने) चढवल्या. खऱ्या फोर्कची लांबी स्लीव्हच्या किमान ६०% असावी लागते. १.१५ मीटर फोर्कवर १.९ मीटरपर्यंत चालते, म्हणून हा आकडा. स्लीव्हच्या मागच्या पिना आठवणीने बसवायच्या. स्लीव्हच्या टोकांना पॅलेटची पुढची कड जुळवली की भाराचा मध्य टाचेपासून १.२ मीटरवर जातो. तिथे १.५ टनी मशीनची क्षमता निम्म्याच्या आसपास येते आणि त्यातून स्लीव्हचे वजनही वजा होते. ४३० किलो ठीक. गोण्यांचा पॅलेट या पद्धतीने न्यायचे धाडस करू नये, तो बाजूच्या दाराने घेतला त्याचे हेही एक कारण.

पॅलेट उतरला तेव्हा गोण्यांच्या पॅलेटपासून वीतभर अंतर होते आणि मागे साधारण अर्धा मीटर जागा होती. तेवढ्यात हँड पॅलेट ट्रक उभा राहिला. पॅलेट फक्त २ सेंमी उचलून, हँडल उभे धरून, पुढच्या पॅलेटला टेकेपर्यंत ढकलला. माणूस ट्रकच्या मागे सरळ रेषेत नाही, किंचित बाजूला. ट्रक नंतर गाडीत घेतला नाही. लाकूड, प्लाय, मॅट, बेल्ट यांचे ३५ किलो झालेच होते, ७० किलोचा ट्रक ठेवला असता तर एकूण मर्यादा ओलांडली असती.

नवा हिशोब: गोण्यांचा मध्य २.१ मीटरवर, ४३९ किलो मागे. कॉम्प्रेसरचा ३.३२ वर, ४१४ किलो. मागच्या ॲक्सलवर १,६३३ किलो. आधीपेक्षा २९३ कमी, एकही किलो माल न काढता.

बेल्ट, आता कुठे

घसरणे मॅट आणि टेकण्याने सुटले. कॉम्प्रेसरचे कलंडणे उरले. ८० सेंमी रुंद पाया आणि ८५ सेंमी उंचीवर मध्य, म्हणजे बाजूला ०.४७ जीला तो कलंडायला लागतो. मानक बाजूला ०.५ सांगते. साडेतीन टनांपर्यंतच्या हलक्या गाड्या वळणावर जास्त झपाट्याने हलतात, म्हणून ०.६ धरावा. पुढच्या दिशेला ०.७ ला कलंडतो, हवे ०.८. दोन्हीकडे कमतरता थोडीच आहे. चौकटीच्या चारही कोपऱ्यांतल्या उचलायच्या भोकांत शॅकल (पिनेने बंद होणारी यू आकाराची कडी) घालून तिथून चार ३५ मिमी बेल्ट तळाच्या जवळच्या कड्यांना नेले, साधारण ४५ अंशांत. बाजूला कलंडताना विरुद्ध बाजूचे दोन बेल्ट धरतात आणि प्रत्येकाला ५० डेकान्यूटनच्या आतच ओढ बसते. कड्यांना हे काहीच नाही. कव्हरला स्पर्शही नाही. कॉम्प्रेसर आणि गोण्यांच्या मधल्या जागेत प्लायवूडची उभी फळी गेली, म्हणजे चौकटीचा कोपरा गोणीत घुसत नाही.

गोण्यांवर वरून प्लायवूडचा तुकडा आणि त्यावरून दोन बेल्ट, कडांना कोपरा-संरक्षक. प्लायवूड नसेल तर बेल्ट वरच्या गोणीत रुततो आणि ताण तिथेच संपतो. कडी म्हणून फक्त तळातल्या कड्याच वापरल्या. भिंतीच्या लायनिंगची भोके, चाकांच्या कमानी, सीटचे ब्रॅकेट यांना हुक लावलेले दिसतात, पण ते ओढीसाठी केलेले नसतात. बेल्टची कड दहा टक्क्यांहून जास्त कापलेली असेल किंवा लेबल गेले असेल तर तो बेल्ट बाद.

टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरवरील पूर्ण भाराच्या आकड्यानुसार भरली. निघाल्यावर १० ते १५ किलोमीटरवर थांबून सगळे बेल्ट पुन्हा आवळले. गोण्यांवरचे दोन्ही दोन-तीन दातांइतके सैल झाले होते, कॉम्प्रेसरचे चारही जागच्या जागी होते.

उतरवताना मागचे बेल्ट आधी काढायचे आणि कॉम्प्रेसर स्लीव्हनेच बाहेर घ्यायचा. गोण्या बाजूच्या दाराने केव्हाही निघतात, कॉम्प्रेसर हलवावा लागत नाही. उतरवायच्या ठिकाणी फोर्कलिफ्ट नसेल तर गोण्यांचा पॅलेट आतच फोडून गोण्या हाताने काढता येतात. कॉम्प्रेसरचे तसे होत नाही, म्हणून तिथे फोर्कलिफ्ट आणि स्लीव्ह आहेत का हे माल चढवण्याच्या आधीच फोनवर विचारून घ्यावे लागते.